ज्याचा वाडगा त्याची पेज

आताच्या लेथला वीज लागते. आमच्या लेथला माणूस लागत असे, आणि मुरबाडच्या अलीकडल्या त्या घरात माझा नवरा तापाने गेल्यापासून तो माणूस म्हणजे मी होते. लेथच्या कण्याला चामड्याची वादी गुंडाळलेली असे. तिची टोकं दोन हातांत धरून आलटूनपालटून ओढायची, की लाकूड फिरे. पलीकडे पटाशी घेऊन सासरे बसत. त्यांना मी मामंजी म्हणे. वादी ओढणाऱ्याने वादीकडे बघावं, त्यांच्या हाताकडे बघू नये, असा त्यांचा दंडक होता. मी हाताकडेच बघत होते.

मामंजी जातीचे कातारी. लाटणी, कुंकवाचे करंडे, पाळण्याचे लोलक असलं काम त्यांच्या बापापासून चालत आलेलं. मग लढाई सुरू झाली. चांगलं सागवान ठेकेदारांच्या गाड्यांतून वाशिंद स्टेशनाकडे जाऊ लागलं आणि आमच्या वाट्याला करवतीखालचे तुकडे उरले. त्या तुकड्यांतून मामंजींनी नवीन डोकं चालवलं. सागाच्या, हेदाच्या, शिसवीच्या फाका कापायच्या, त्या सरसाने चिकटवून गोल कडं करायचं, विटांसारखे सांधे चुकवत कड्यावर कडं चढवायचं आणि मग तो सगळा गठ्ठा लेथवर कातून त्याचा वाडगा काढायचा. हेदाच्या पिवळ्या अंगावर शिसवीचे काळे पट्टे फार सुरेख दिसत. कल्याणचा व्यापारी आणाल तितके घेई. शहरातले लोक त्यात बदाम आणि खारका ठेवतात, असं तो सांगायचा.

फाका कापायला नजर लागते आणि मामंजींची नजर अधू झाली होती. म्हणून त्यांनी मला शिकवायला घेतलं. माझ्यावर माया होती म्हणून नव्हे, अडला हरी म्हणून. तेही अट घालून. दसऱ्याला माझा वाडगा उतरला तर पटाशी माझी. नाही उतरला तर शहापूरहून त्यांचा भाचा येणार आणि मी तानशाकडे भावाच्या दारी जाणार. भावजयीने तर माझ्या नवऱ्याच्या तेराव्यालाच सांगून ठेवलं होतं, की त्यांच्या घरात हातपाय पसरायला जागा नाही.

वाडगा उतरला की नाही हे ठरवायची रीत त्या घरात एकच होती. शिकणाऱ्याने आपण केलेल्या वाडग्यात जेवायचं. चुलीवरची उकळती पेज त्यात ओतायची. आत राहील ती त्याची, गळेल ती जमिनीची. दुसऱ्यांदा वाढायचं नाही.

"ज्याचा वाडगा त्याची पेज," मामंजी म्हणत. "माझा बापूस असाच शिकला नि मीपन."

माझा पहिला वाडगा दिसायला देखणा होता. सासूबाईंनी त्यात पळीभर पेज ओतली. मी तोंडाला लावेपर्यंत एक फाक सुटली, तिच्यामागे दुसरी, आणि सगळी पेज मांडीवर आली. मांडी भाजली ती भाजलीच, वर उपास घडला. मामंजी पितळेच्या ताटात भात कालवत होते. त्यांनी मान वर केली, पाहिलं आणि सासूबाईंकडे आणखी कालवण मागितलं. सासूबाईंनी वाढलं. मला वाटलं होतं, निदान त्या तरी काही बोलतील. त्या माउलीने जमीन सारवायला शेण आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

तो पावसाळा मी अर्ध्या पोटी काढला. फाकेचा कोन केसभर चुकला तर एकट्या फाकेत दिसत नाही. कडं पुरं होताना शेवटच्या सांध्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट पडते. मामंजी ती फट नखाने शोधत आणि पटाशीची मूठ माझ्या बोटांवर मारत. एकदा माझी पटाशी लाकडात अडकली आणि राळेने कण्याला चिकटवलेला वाडगा सुटून माझ्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. मामंजींनी आधी वाडगा उचलून त्याला चीर गेली का ते बघितलं. ती खूण अजून आहे. लोक विचारतात, मी दारावर आपटले म्हणून सांगते.

हात सुधारला. सांधे असे बसू लागले की नख अडकेना. तरी पेज गळायचीच. मी स्वतःलाच दूषणं देत होते. आणि रोज सकाळी सरसाचा डबा गरम पाण्यात ठेवून तो पातळ करणारीही मीच होते! गरम पाण्यात जो सरस विरघळतो तो उकळत्या पेजेत कसा टिकेल, हे कळायला मला भाद्रपद उजाडला. कळलं त्या दिवशी वादी ओढता ओढता माझे हात थांबले आणि मामंजींची शिवी खाल्ली. त्यांच्या बापाचे वाडगे अखंड लाकडाचे होते. त्यांना ना फाक, ना सरस, गळणार कुठून? जुनी रीत मामंजींनी नव्या वाडग्याला तशीच लावली होती. स्वतः तुकड्यांच्या वाडग्यात त्यांनी एकदाही पेज घेतली नव्हती.

हे तोंडावर सांगितलं असतं तर मुस्काटात बसली असती. मी घरात डोळे उघडे ठेवून फिरू लागले. लोणच्याची एक चिनी मातीची बरणी होती. ती मागे कधी तरी दुभंगली होती आणि सासूबाईंनी सांधली होती. वर्षानुवर्षं ती घासली जात होती, सांधा काही हलत नव्हता. त्यांनी ती फाटलेल्या दुधाचा चोथा आणि चुना एकत्र घोटून जोडली होती, हे मी लग्न होऊन आले तेव्हाच ऐकलं होतं. पण कातकामात चुलीजवळचं काही चालत असेल, असं डोक्यातच येत नव्हतं.

म्हशीचं थोडं दूध चोरून ताकाने नासवलं. चोथा पिळून घेतला. चुना सासूबाईंच्या पानाच्या डबीतला. डबी रिकामी झालेली त्यांनी पाहिली, माझ्या नखांतला पांढरा थर पाहिला, आणि पानाला चुना न लावता ते तसंच तोंडात टाकलं.

दसऱ्याला भाचा आधीच येऊन बसला होता. चांगला मिशीवाला बाप्या, येतानाच वळकटी घेऊन आलेला. हत्यारांची पूजा झाली आणि जेवणाआधी माझा वाडगा मांडला गेला. मामंजींनी पेजेवर हात धरून वाफ लागते का ते बघितलं. सासूबाईंनी काठोकाठ ओतली. एक थेंब बाहेर आला नाही. जीभ पोळत होती तरी मी तळापर्यंत प्यायले आणि रिकामा वाडगा पालथा करून त्यांच्यापुढे ठेवला. इतकी भूक आणि इतका आनंद मी एका वेळी पुन्हा कधी अनुभवला नाही.

मामंजींनी वाडगा चाचपला, वास घेतला, काय लावलंस म्हणून विचारलं. मी सांगितलं नाही. मग ते भाच्याकडे वळले.

"उद्यापासून पटाशी तू धर. ही वादी ओढंल. बाईच्या हाताखाली बाप्या बसत नाय."

भाचा हसला. दिला शब्द असा सरळ गिळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मग सासूबाई उठल्या. फळीवर व्यापाऱ्यासाठी ठेवलेला मामंजींचा वाडगा होता, त्यांच्या हातचा सगळ्यात देखणा. तो त्यांनी उतरवला, नवऱ्यापुढचं पितळेचं ताट बाजूला सरकवलं, वाडगा तिथे ठेवला आणि त्यात उकळती पेज ओतली.

"तुमीपन खावा," त्या म्हणाल्या. "ऱ्हाईल तेवढी तुमची."

मामंजींना वाडगा ढकलून देता आला असता. भाच्यासमोर तसं करणं त्यांना जमलं नाही. त्यांनी तो उचलला, आणि ओठांपर्यंत पोचायच्या आत त्याचं बूड सुटलं. पेज धोतरावर सांडली. सासूबाईंनी शेणाची पाटी आणून त्यांच्यासमोर ठेवली, तशीच, जशी माझ्यासमोर ठेवली होती. त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा कोणी वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पटाशीपाशी मी बसले. वादी भाच्याने ओढली. मामंजी ओटीवर बसून असत. माझ्या वाडग्यांना हात लावत नसत.

दोन पावसाळे वादी ओढल्यावर भाच्याला शिकायची इच्छा झाली. मी त्याला फाका कापायला शिकवलं, कडी रचायला शिकवलं, बोटांवर मूठ मारून शिकवलं. सरसाचा डबा त्याच्या हाताशी ठेवला. चुन्याचं सांगितलं नाही. त्याने पहिला वाडगा मोठ्या हौसेने माझ्यापुढे आणला, मी पेज ओतली आणि ती सगळी जमिनीवर गेली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पळी काढून घेतली आणि भांड्यावर झाकण ठेवलं.