पंचाहत्तर काडतुसं आणि तेवीसचं तिकीट

महमूदभाईंनी स्वतःच्या हाताने आयुष्यात सातच बार मारले आहेत. पाच लागले, दोन हुकले. त्या दोनांचं दुःख साठाव्या वर्षीही ताजं आहे. विषय निघाला की समोरच्याचं जेवण गार होतं, पण गोष्ट संपत नाही.

गाव मंडणगड तालुक्यात. भाताच्या दिवसांत रानडुकरं हाकलायला वडिलांनी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक होती. दारू महाग, छर्रे त्याहून महाग. दारू म्हणजे बंदुकीची, हे कतारमध्ये आधीच सांगितलेलं बरं. वडील आठवड्याला एका बारापुरती दारू मोजून द्यायचे. "बार फुकट गेला तर बाप बोलायचा नाय," महमूदभाई सांगतात, "गुमान अर्धीच भाकरी वाढायचा."

असा माणूस गेली सत्तावीस वर्षं उम्म सलाल मोहम्मदमध्ये अबू जासिम यांच्या घरी स्वयंपाकी आहे. मी त्याच घरचा इलेक्ट्रिशियन, देवीदास, परभणीकडचा. हिवाळ्यात अबू जासिम वाळवंटात तंबू ठोकून शिकारीला बसतात, तेव्हा महमूदभाई भात शिजवतात, बंदूक पुसतात, आणि मी जनरेटर सांभाळतो. बंदूक अबू जासिम यांच्या नावावर, परवाना त्यांचा. महमूदभाई ती फक्त पुसतात, पण आंधळ्यालाही कळेल की दोघांतला खरा शिकारी कोण.

अबू जासिम माणूस दिलदार. नेम मात्र अल्लाच्या भरवशावर. जुन्या दिवसांत गाडीच्या मागे काडतुसांच्या पेट्या भरून निघायचे. दिवसभर धडाडधूम चालायची आणि संध्याकाळी तव्यावर दोन लावे पक्षी. महमूदभाई तंबूत तोंड फिरवून कांदा चिरत बसायचे. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं नव्हतं, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

मग काडतुसं महागली. आधी दीडपट, मग दुप्पट, मग भाव विचारायची सोय उरली नाही, कारण मालच नव्हता. शिकारीच्या सामानाच्या दुकानातला इरशाद सहा महिने एकच वाक्य बोलत होता, "माल जहाजावर आहे." कुठल्या समुद्रात ते जहाज फिरत होतं, त्यालाच ठाऊक. या वर्षी अबू जासिम स्वतः जाऊन दोन तास कॉफी पीत बसले, तेव्हा त्याने तीन खोकी काढून दिली. पंचवीसची तीन, पंचाहत्तर.

आता या तंबूचा एक नियम आहे. अबू जासिम यांच्या वडिलांनी घातलेला. "खर्तूश खलास, मुखय्यम खलास." खर्तूश म्हणजे आपलं काडतूस, मुखय्यम म्हणजे तंबूंची छावणी. काडतुसं संपली की तंबू उतरवायचा. संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, मालक नाही की माणूस नाही.

महमूदभाईंनी नोव्हेंबरात रजा मागितली, तेव्हा अबू जासिम म्हणाले, "मुखय्यम के बाद, इन्शाल्ला." महमूदभाई खूश. त्यांच्या धाकट्या मुलीचा, जन्नतचा, निकाह सव्वीस डिसेंबरला, शुक्रवारी, गावी ठरला होता. तंबू लागणार अठराला. मालकाचा हात रोज तीसचा. म्हणजे अडीच दिवसांत सगळं खलास. त्यांनी तेवीसच्या रात्रीचं तिकीट काढून टाकलं.

"पण निकाहाचं सांगितलं का बाबांना?" मी विचारलं. घरातली माणसं अबू जासिमना बाबाच म्हणतात.

"नाय."

"कामून?"

"थोरल्या पोरीच्या वक्ताला त्यांनी हात भरून दिलान. आता परत लग्नाचा नाव काढला तर वाटंल, महमूद मागाया आला. मना शरम वाटते रं."

मी म्हटलं, ठीक आहे. आपल्याला काय, अडीच दिवसांचा तर प्रश्न.

अठराला, गुरुवारी, पहिल्या सकाळी अबू जासिमनी अकरा बार टाकले. एक लावा जरा दचकला, एवढंच. महमूदभाई चहाची किटली घेऊन उभे होते. पहिल्या बाराला त्यांचा खांदा उडाला, पाचव्याला किटली हलली आणि अकराव्याला तोंडून निघूनच गेलं, "फुकट! बार फुकट!"

अबू जासिम वळले. तिकडे वाळवंटात तंबू टाकून राहण्याला 'बर्र' म्हणतात. या बर्रवर त्यांचा बायकोपेक्षा जास्त जीव. "शनू? क्या? हमारा बर्र फुकट?" त्यांचा चेहरा पडला. "महमूद, तुम को बर्र पसंद नहीं? सत्ताईस साल बाद बोलता?"

झाली पंचाईत. महमूदभाई हिंदीत समजावू लागले, मी अरबीत घोळ घातला. बर्र नाही, बार. बार म्हणजे बंदुकीतून एकदा सुटतं ते. अबू जासिमना उमगलं तशी त्यांना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाले, "अच्छा! तो तुम बोलो, कब मारना. तुम बोलेगा बार, हम मारेगा बार."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी महमूदभाईंना बाजूला घेतलं. "काय करायलात तुम्ही? गप बसा की. पोरीच्या लग्नाला जायचंय ना?"

"बसणार. आता तोंडाला कुलूप."

कसलं कुलूप! दुपारी बघतो तर रिकाम्या बंदुकीच्या नळीवर पन्नास दिरहमचं, म्हणजे अर्ध्या रियालचं नाणं ठेवून महमूदभाई मालकाला शिकवत होते. नाणं न पाडता चाप ओढायचा. श्वास अर्धा सोडायचा. पक्षी उठल्याबरोबर घाई नाही, एकदा मनात बिस्मिल्ला म्हणायचं, मग. चाळीसदा नाणं पडलं, चाळीसदा महमूदभाईंनी उचलून ठेवलं. बावीस नातवंडांचा आजा शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता. जित्याची खोड, दुसरं काय.

शुक्रवारी आठ बार, तीन लावे. शनिवारी सहा बार, चार लावे. रविवारी पाचात चार. अबू जासिमना आभाळ ठेंगणं झालं. प्रत्येक पक्ष्याचा फोटो त्यांच्या मेहुण्याला जात होता, कारण मेहुण्याने इरशादकडून दहा खोकी मिळवली होती आणि ती सगळी आभाळात उडवून तो घरी बसला होता. सोमवारी चार बारांत चार. जेवताना ते हात वर करून म्हणाले, "शुक्रन, महमूद! इस साल जनवरी भी बर्र में!"

महमूदभाई हसले. त्यांच्या हसण्याकडे मला बघवेना. एकेचाळीस काडतुसं उरली होती आणि तिकिटाला एक दिवस.

मला राहवलं नाही. म्हटलं, "महमूदभाई, एक आयडिया आहे. खोकी पाण्याच्या टाकीशेजारी ठेवू. नळ मी सोडतो. ओली काडतुसं म्हणजे खलास काडतुसं."

ते असे उसळले की मी दोन पावलं मागे गेलो. "काडतूस भिजवनार? जीभ झडो तुजी! लोकांना मिळत नाय आनि ह्यो भिजवनार! मोठा उंटावरचा शहाणा आलास!" त्यानंतर अर्धा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मुलीचं लग्न चुकत होतं, पण काडतूस वाया जाता कामा नये. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त माया आली.

मंगळवारी, तेवीसला सकाळी, न्याहारीच्या गोड शेवयांत साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. अबू जासिमनी एक घास घेतला, ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "महमूद, बीमार?"

"नहीं बाबा."

"घर में कुछ?"

"नहीं बाबा."

मी मराठवाड्याचा, तोंड फाटकं. बोलून गेलो, "बाबा, इसकी बेटी का निकाह है. जन्नत का. शुक्रवार को. आज रात का टिकट है."

अबू जासिम यांचा चेहरा लाल झाला. रागावले, पण रजेवरून नाही. "जन्नत? वो छोटी? जिसका फोटो तुम ने दिखाया, एक दाँत नहीं था?" महमूदभाईंनी खाली बघत मान डोलावली. "और हम को नहीं बोला? हम कौन है, महमूद? पुलीस?"

"बाबा, आपने बोला था, मुखय्यम के बाद. मैं समझा, खर्तूश दो-तीन दिन में..."

अबू जासिमना हिशोब कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी खोक्यांकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं, मग महमूदभाईंकडे. हसू की रागावू, हे त्यांचं ठरेना. "तुम हम को खुद सिखाया," ते हळूच म्हणाले. "तुम्हारा अपना दिन खाया."

मला वाटलं, आता म्हणतील, जा. पण वडिलांचा नियम त्यांच्याच्याने मोडवणार नव्हता. ते उठले. बंदूक घेतली, उरलेली दोन्ही खोकी काखेत मारली आणि तंबूमागच्या वाळूच्या उंच ढिगाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. "यल्ला, चलो महमूद, बोलो बार."

महमूदभाईंना कळेना. पक्षी कुठे आहे? अबू जासिमनी वाट पाहिली नाही. धाड! धाड! दोन्ही नळ्यांचे बार वाळूत.

"बाबा! फुकट!"

धाड! धाड!

"बाबा, महाग हाय! मिळत नाय बाजारात!" घाबरून ते हिंदी विसरले होते. सहाव्याला त्यांनी कान झाकले, दहाव्याला मालकाचा हात धरला. इरशादचं जहाज कधी येईल कुणास ठाऊक, पुढच्या वर्षी काय करणार, अर्धं खोकं तरी ठेवा, सगळं एका दमात. अबू जासिमनी हात सोडवून घेतला. "पुढच्या वर्षी काय" एवढं त्यांना कळलं असावं. "अगला साल सिक्के से शिकार करेगा," ते म्हणाले आणि पुन्हा बंदूक भरली.

मी मोजत होतो. वीस, तीस, अडतीस. वाळू उडत होती, मालकाचा खांदा सुजला असणार, तरी ते हसत होते. महमूदभाई खाली बसले होते. प्रत्येक बाराला कुणी चिमटा काढल्यासारखे दचकत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. या वेळी चिरायला कांदाही नव्हता.

चाळीस झाले आणि अबू जासिम थांबले. शेवटचं काडतूस नळीत घातलं, बंदूक खांद्याला लावली, आणि नुसते उभे राहिले. "ये हम नहीं मारेगा," ते म्हणाले. "तुम बोलेगा, तब मारेगा."

महमूदभाई उठले. त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं. तिथे ना पक्षी होता, ना डुक्कर, काहीच नव्हतं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मी मनात म्हणत होतो, बोल की रे बाबा, बोल.

मग ते आपल्या गावच्या बोलीत बोलले. अबू जासिमना त्यातला एक शब्दही कळला नाही, पण चाप त्यांनी बरोबर ओढला.

"मारा बाबा," महमूदभाई म्हणाले. "मना घरी जावचा हाय."