मिलवाल्यांचा आवाज

इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हा पलासियातल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. नदीचा पूर कुठवर चढेल ते त्यावर काढायचं, म्हणून सर्वेवाल्यांनी मोजलेले नदीचे आडवे छेद त्यात भरायचे होते. एकानं आकडे वाचायचे, दुसऱ्यानं टाइप करायचे. टाइप करणारा मी, दोन बोटांचा तज्ज्ञ. घरी बायकोला मात्र 'सॉफ्टवेअर सांभाळतो' असं सांगायचो.

वाचायला मिलमधून सुटलेले एक विणकर आले, आठवडाभर बघू या बोलीवर. घरात मिळवणारे ते एकटेच. सगळे त्यांना मिलवालेच म्हणायचे. खुर्चीवर मांडी घालून ते असे गरजायचे, "अंतर बारा! खोली पाच!" की खालचा पानवाला दचकायचा. शेवटी वैतागून साहेब म्हणाले, "उद्यापासून यांना आणू नका."

 तसे मिलवाले हळूच बोटांनी आकडे दाखवायला लागले. मूठ म्हणजे शून्य, कानाला हात म्हणजे पुढचा छेद. मागांच्या खडखडाटात सगळी मिल अशीच बोलायची म्हणे. मी भराभर टाइप करत गेलो. संध्याकाळी पडद्यावर नदीचं पोट उमटलं, तसे मिलवाले टाळ्या पिटत उठले. साहेब बघायला आले आणि हसले, "ठीक आहे, या उद्या."

मी विचारलं, "अहो, हे येत होतं, तर इतके दिवस ओरडत का होता?"

"भिया, उमरभर हातानंच बोललो," ते म्हणाले. "इथे इतकी शांती, म्हटलं जरा ओरडून घेऊ."