पांढऱ्या मगांवरचं नाव

चहा घ्या आधी. माझ्या हातून काय होऊन बसलं ते सांगायला मला वेळ लागेल, कारण माझं बोलणं मुळातच संथ. खडकीच्या कारखान्यात होतो तेव्हा आमचा फोरमन म्हणायचा, "ओव्हाळ, तुम्ही वाक्य सुरू करा, मी जेवून येतो."

तर ऐका. आनंदची आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. आनंद म्हणजे माझा मुलगा. खडकीचं क्वार्टर सुटल्यापासून मी कात्रजला त्याच्या फ्लॅटवर राहतो. तो कॉम्प्युटरवाला, सकाळी हिंजवडीला जातो तो दिवे लागल्यावरच येतो. सून रूपाली. तिनं नोकरी सोडून घरातूनच धंदा सुरू केला होता. कसला म्हणाल? रेट्रो!

रेट्रो म्हणजे जुनं दिसणारं नवं. भिंतीवरचं घड्याळ आगपेटीच्या चित्राचं. उशीवर लांब कॉलरचा शर्ट घातलेला हिरो. एकदा एक लाल ट्रान्झिस्टर आला. मी अर्धा तास कान पिळतोय त्याचा, आवाज नाही!

"अगं रूपाली, हा लागत का नाही?"

"बाबा, तो गल्ला आहे. वरून नाणी टाकायची."

आमच्या वेळचं सगळं परत आलं होतं हो घरात. फक्त चालू काही नव्हतं.

आणि जिचं वर्ष जवळ आलं होतं, तिच्याबद्दल घरात चकार शब्द नाही. फोटोवरची धूळ मीच पुसायचो. कोणी काही म्हणेना, मीही विचारलं नाही. विचारायचं काय? तुमची आई तुम्हाला आठवते का?

अशात एके दिवशी खोकी आली. उघडून बघतो तर इनॅमलचे मग! पांढरेशुभ्र, निळ्या काठाचे, पोटावर गुलाबाचं फूल. डिट्टो आमच्या क्वार्टरमधले! काठावर टवके उडाल्यासारखं मुद्दाम रंगवलेलंसुद्धा. एक मग हातात घेऊन मी बसूनच राहिलो. अशाच मगातून ती चुलीपुढं चहा प्यायची, कान तापला की पदरानं धरून.

तेवढ्यात रूपाली फोनवर बोलताना ऐकू आली.

"हो हो, पाहुण्यांनाच वाटायचेत. या रविवारी कार्यक्रम. अहो, जुन्या आठवणी जाग्या व्हायला हव्यात ना, म्हणून तर असे घेतले!"

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? त्याच रविवारी वर्ष भरत होतं! माझे डोळेच भरून आले. पोरीनं लक्षात ठेवलं, गुपचूप तयारी केली, म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून बोललीसुद्धा नाही. मग मीही ठरवलं, आपणही न बोलता आपला वाटा उचलायचा.

वाटा कसला? नावाचा! स्मरणार्थ भांडं वाटायचं आणि त्यावर नाव नाही? असलं भांडं बेवारशी. पाहुण्याच्या मांडणीवर गेलं की कोणाचं, कोणासाठी, काही पत्ता लागत नाही. या पोरांना हे कुठून ठाऊक असणार?

दुपारी रूपाली बाहेर गेली, तशी खोकी गोणीत भरून बसनं मी रविवार पेठेत. भांड्यांवर नावं घालणाऱ्याच्या टपरीपुढं ही गर्दी. त्याचं मशीन घुर्र घुर्र चाललेलं.

"आजोबा, हे स्टील नाही. टवके उडतील."

"उडू दे."

"अक्षर काळंकुट्ट उठेल."

"उठू दे. लांबून वाचता येईल."

"काय घालायचं?"

"स्मरणार्थ."

"कैलासवासी ना?"

"नाही. आमच्यात कालकथित म्हणतात. तसं घाला."

"घालतो. कोणाच्या स्मरणार्थ?"

इथं माझी जीभ अडली. तिचं नाव मी जन्मात कधी घेतलं नव्हतं. 'अगं', नाहीतर 'आनंदची आई'. आमच्या वेळी नवरेसुद्धा लाजायचे हो! आणि आता चारचौघांत, ती नसताना, तिचं नाव पहिल्यांदा काढायचं?

"घरच्यांच्या," मी म्हटलं.

"घरच्यांच्या काय? अख्खं घर गेलं का? अहो, नाव सांगा नाव! मागं माणसं उभी आहेत."

मागची एक बाई तोंडाला पदर लावून हसली. म्हटलं, आपण आपल्या नावापासून सुरुवात करू, पुढं तिच्या नावापर्यंत पोचू.

"शिवराम भिवा ओव्हाळ…" मी म्हटलं, आणि दम घ्यायला थांबलो. पुढं 'यांची पत्नी' म्हणायचं होतं, त्याच्या पुढं नाव.

"झालं. तासाभरानं या!" तो म्हणाला आणि मशीन सुरूसुद्धा केलं.

मला वाटलं, सुटलो! नुसत्या नवऱ्याच्या नावावरून त्याला बायकोचं नाव कसं कळणार, हा प्रश्न पडला का मला? नाही पडला. तासाभरानं त्यानं सगळे मग कागदात गुंडाळून हवाली केले. माझा चष्मा घरी. खोकी होती तशी लावून ठेवली आणि रात्री शांत झोपलो.

सकाळी रूपालीची किंकाळी!

"आनंद! अरे, इकडे ये!"

आनंद दाढीचा फेस तसाच घेऊन धावला. त्यानं मग पाहिला, मला पाहिलं, पुन्हा मग पाहिला.

"बाबा, हे काय आहे?"

"मीच केलं रे. तुझ्या आईसाठी."

"आईसाठी? वाचलंत का तुम्ही?" आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "कालकथित शिवराम भिवा ओव्हाळ यांच्या स्मरणार्थ."

मी नकळत छातीवर हात ठेवून पाहिला. चालू होतं.

रूपाली रडायलाच लागली. "बाबा, हे लग्नात पाहुण्यांना वाटायचे मग आहेत हो! माझी पहिली मोठी ऑर्डर…"

"लग्न? अगं, पण रविवारी तर आईचं वर्ष…"

बोललो आणि वाटलं, बोललो नसतो तर बरं. रूपाली रडायची थांबली. आनंदच्या गालावरचा फेस वाळत चालला, पण तो काही पुसेना. विसरले होते. दोघंही साफ विसरले होते.

मला राग यायला हवा होता. पण कोणत्या तोंडानं रागवायचं? ते नुसती तारीख विसरले. मी तर तिच्या जागी स्वतः जाऊन बसलो होतो!

नवरीची आई येऊन एक मग बघून गेली. हात लावला नाही. "हळदीच्या घरात असलं नेऊ?" एवढंच म्हणाली, आणि रूपालीची ऑर्डर गेली. पोरीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी मात्र ती म्हणाली, "बाबा, रविवारी आईंचा कार्यक्रम आपल्या घरी करू."

केला. भंतेजी आले, वंदना झाली. खडकीहून माणसं अंदाजापेक्षा जास्त आली आणि चहाचे कागदी कप संपले. रूपालीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. निघाले ते पांढरे मग बाहेर!

कारखान्यातले दोस्त हसून हसून खोकायला लागले. "शिवराम, आम्हाला कळवायचं तरी रे! खांदा द्यायला आलो असतो!"

माझ्या शेजारी आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ बसले होते. नवीन राहायला आलेले, मला ओळखत नव्हते. त्यांनी मगावरचं वाचलं, फोटोकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "या त्यांच्या मिसेस का?"

"हो."

"म्हणजे दोघंही गेले! अरेरे. आपण ओळखत होता त्यांना?"

"थोडाफार."

"माणूस कसा होता?"

मी फोटोकडं पाहिलं. म्हटलं, "बरा होता. पण जन्मभर बायकोला नावानं हाक मारली नाही. ती गेल्यावर नाव सांगायची वेळ आली, तर स्वतःचंच सांगून आला."

गृहस्थांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, "मग बाई सुटली म्हणायची."

मी 'हो' म्हटलं, आणि त्यांच्या मगात अजून थोडा चहा ओतला.