भाकरीचा हात

आक्कासाहेब म्हणाल्या, "रविवारी तुला बीडास न्यावयाचे आहे," आणि माझ्या हातातलं ब्लेड खाली पडलं.

मी बीडचीच. म्हणजे बीड जिल्ह्यातली, डोंगरपट्ट्यातली. देवासला आल्यापासून इथं कुणाच्या तोंडी माझ्या जिल्ह्याचं नाव ऐकलं नव्हतं. मला आधी चांगलं कधी सुचतच नाही. वाटलं, घरी काहीतरी झालंय, फोन कारखान्यावर आलाय आणि ह्या मला हळूच सांगतायत. मी विचारलं, "आई आहे ना?"

आक्कासाहेब माझ्याकडं बघतच राहिल्या. इकडं भावाला भिया म्हणतात, बहिणीला बेन; मशीनवरचा आमचा भिया मात्र पोट धरून हसायला लागला. "अरे बेन, वो वाला बीड नी! घास वाला बीड़!"

माळव्यात गवतासाठी राखलेल्या माळाला बीड म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आक्कासाहेबांचं माहेर धारचं. धारच्या पुढं, अमझेऱ्याच्या रस्त्याला, त्यांच्या माहेरचा असा एक माळ होता. दिवाळीनंतर गवत कापून नेलं की तो मोकळा पडायचा. तिथं जाऊन तबकड्या फेकायच्या होत्या, आणि त्या मी फेकायच्या होत्या.

आक्कासाहेब म्हणजे आमच्या कारखान्याच्या मालकीण. साठी ओलांडलेली, पण चालणं ताठ. माहेर-सासर दोन्ही जुन्या दरबारातल्या घरांशी जोडलेलं. मराठी पोथीतल्यासारखं बोलायच्या आणि मध्येच "गाडी निकालो" म्हणायच्या. कारखाना छोटा, बादल्या आणि झाकणाच्या डब्यांचा. मी देवासला आले ती मावसबहिणीच्या बाळंतपणाला. ती माणसं पुढं पिथमपूरला गेली, तेव्हा मला परत जायचं नव्हतं. परत म्हणजे ऊसतोडीला. आईबापांबरोबर फडावर जाता जाता शाळा सातवीतच सुटली होती आणि कोयता हातात आला होता. आक्कासाहेबांनी मला बादल्यांच्या कडा तासायचं बसून करायचं काम दिलं आणि कारखान्याच्या मागची खोली राहायला दिली. टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या घरून मऊ भात यायचा, त्यावर तूप. ते तूप मी अजून विसरले नाही. त्या उपकारापायी मी एवढी वाकलेली असायचे की त्यांनी "पाणी आण" म्हटलं तरी पळत जायचे. भिया म्हणायचा, "आराम से, बेन, कुआँ भाग नी रिया."

आता तबकड्यांचं सांगते. आक्कासाहेबांचा मुलगा परदेशात असतो. तिकडं एक खेळ आहे, त्यात तबकडी लांबून फेकून साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला. सगळ्यात लांब जाते त्या तबकडीला ड्रायव्हर म्हणतात. तिची कड धारदार असते. "देवासात ओतायची आणि धारला फेकायची, धार लावूनच आणू," असं आक्कासाहेब स्वतःच म्हणून स्वतःच हसायच्या. नेहमीचा ड्रायव्हर जड असतो आणि तो उडवायला हातात ताकद लागते. मुली, म्हातारी माणसं, नवशिके ह्यांच्या हातून तो पुढ्यातच आपटतो. आक्कासाहेबांना ह्या लोकांसाठी हलका ड्रायव्हर करायचा होता.

नुसता पातळ केला तर तो वाकायचा. म्हणून नवीन पद्धतीचं प्लास्टिक. ते वितळलेलं असतानाच दाबानं त्यात वायू सोडायचा. साच्यात गार होताना आत बारीक बारीक पोकळ्या राहतात, वरून मात्र गुळगुळीत. बिघडलेली एक तबकडी मी ब्लेडनं कापून बघितली, तर आत अनारशासारखी जाळी. आकार तोच, कड तशीच, आणि हातात घेतली तर काही घेतलंय असं वाटेना. ते जमायला भियाला फार दिवस लागले. गरम जास्त झालं की फुगायची, कमी झालं की तडकायची. तो मशीनला शिव्या द्यायचा आणि लगेच हात जोडायचा.

आक्कासाहेबांनी जन्मभर बादल्याच केल्या. त्या एकदा म्हणाल्या, "मुली, मी गेल्यावर लोक म्हणतील, बादल्या बरव्या होत्या." मुलानंही फोनवर चेष्टा केली होती, आई, तू डबे कर. हे फोनवरचं भियाला ठाऊक होतं आणि त्याच्याकडून मला.

फेकायला मीच का, तर मी अंगानं बारीक आणि खेळाचा गंध नसलेली. भियानं फेकली तर उपयोग नव्हता. त्याचे दंड म्हणजे उखळाची मुसळं. त्यानं पहिल्याच रविवारी हलकी तबकडी सगळा जोर लावून भिरकावली, तर ती वर गेली, उजवीकडं कलंडली आणि भुईत घुसली. "हा तर गुण आहे तिचा," आक्कासाहेब म्हणाल्या. "जोर सोसायचा नाही तिला. जोर असणाऱ्यानं जड घ्यावी."

मग मला जड तबकडी दिली. ती माझ्या पायापासून थोड्या अंतरावर धप्पकन पडली. मला वाटलं, आता झालं, ह्या म्हणतील हिला काही येत नाही. पण आक्कासाहेब खूश! "असेच पाहिजे होते मला." आणि हातात हलकी ठेवली. पळसाच्या झाडाकडं खांदा करून उभं केलं. अंगठा वर, बोटं खाली, तबकडी छातीवरून आडवी ओढायची आणि सोडायची. "भाकरी थापतेस ना? ती तव्यात टाकताना जोर लावतेस का?"

"नाही. मोडंल की."

"तशीच सोड."

मी तशी सोडली. ती माझ्या हातातून निघाली आणि खाली यायचं विसरलीच. कापलेल्या गवतावरून, कुणी बोट धरून नेल्यासारखी सरळ गेली, शेवटी डावीकडं जरा झुकली आणि पळसाच्या बुडाशी जाऊन बसली. आक्कासाहेबांनी पदर खोचला आणि तिच्या मागं धावल्या. साठीतली बाई, माळावर, "चालली! चालली बघ!" करत. भिया ओरडला, "अक्कासाहब, गिर मत जाना!" आणि मी तिथंच उभी. माझ्या हातून कुठलीच गोष्ट इतकी लांब गेली नव्हती.

त्या हिवाळ्यात आम्ही बरेच रविवार गेलो. सकाळी देवासहून निघायचं, इंदूरला पोहे खायचे, धारला आक्कासाहेबांच्या भावजयीकडं चहा आणि मग बीड. मी आता बीड म्हटलं की दचकत नव्हते. उलट बरं वाटायचं, रविवारपुरतं गावाचं नाव तोंडात. भिया चिडवायचा, "चलो बेन, मायके!" एखादी तबकडी वाऱ्यावर तरंगायची तेव्हा मी त्या क्षणापुरती काळजी करायचं थांबायचे. मला ते थांबणं ठाऊकच नव्हतं.

मग एक पाहुणे यायचे ठरले. दक्षिणेकडचे व्यापारी, शाळांना खेळाचं सामान पुरवणारे. मुलींच्या शाळांसाठी त्यांना असलंच काही हवं होतं. त्यांना आवडलं तर तबकड्यांचा साचा मशीनवर राहणार, नाही तर परत बादल्या. गाडीत बसताना भिया नेहमीसारखा बोलत नव्हता. एवढंच म्हणाला, "आज का दिन तेरे हाथ में है, बेन."

हे त्यानं म्हणायला नको होतं. म्हणजे त्याचा काय दोष. पण ते एक वाक्य धारपर्यंत माझ्या डोक्यातून उतरलं नाही. भावजयीकडचा चहा मी तसाच ठेवला. मनात एकच, ह्यांनी मला खोली दिली, तूप दिलं, आज फेडायचंय. आज जीव ओतायचा.

पाहुणे भले गृहस्थ होते. पांढरे बूट, बोलणं मऊ. आधी भियानं जोरात फेकून दाखवली, ती कलंडली, आक्कासाहेबांनी समजावलं, ते मान हलवत होते. मग मला म्हणाले, "आप फेंकिए. अच्छे से."

अच्छे से. मी अंगठा वर ठेवला, बोटं खाली, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. तबकडी सणाणत निघाली, अर्ध्यात उजवीकडं कलंडली आणि भुईत गेली.

मला वाटलं, जोर कमी पडला.

दुसऱ्या वेळी दात आवळून फेकली. ती आणखी लवकर उलटली. मागून आक्कासाहेबांचा आवाज आला, "भाकरी! भाकरी, मुली!" पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. पण भाकरी त्यांना कळली. ते हसून म्हणाले, "नहीं-नहीं मैडम, खाना बाद में खाएँगे." भिया फिसकन हसला आणि लगेच तोंड फिरवलं. मलाही एरवी हसू आलं असतं.

तिसरी फेक मला आठवते ती खांद्यात. उसाचं पाचट सोलताना कोयता उलट्या हातानं ओढतात, तो झटका. मी तो विसरले होते असं मला वाटत होतं. हात विसरला नव्हता. तबकडी हातातून सुटली तेव्हाच मला कळलं की मी काय करतेय. ती पळसाच्या विरुद्ध बाजूला जाऊन आपटली.

आक्कासाहेब पाहुण्यांना म्हणाल्या, "ये ज़ोर बहुत लगा रही है."

पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं. खालपासून वर. माझी चप्पल, माझी मनगटं. "ये?" म्हणाले, आणि नुसते हसले. वाईट हसले नाहीत. तुमच्या आमच्यातलं कुणीही हसलं असतं तसंच. पुढं म्हणाले, की नवीन मुलीच्या हातात जर ती टिकत नसेल, तर शाळांना मी काय सांगू.

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं: एक बार और. मला आता कळलं होतं. एक फेक दिली असती, भाकरीची, तर ती गेली असती पळसापर्यंत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. पण मी मान खाली घालून उभी राहिले. ज्यांनी सगळं दिलं त्यांच्याकडं आणखी एक काय मागायचं, असं काहीतरी डोक्यात होतं. न मागण्यातच त्यांचा मान राखला असं वाटत होतं. पाहुणे दोन तबकड्या घेऊन गेले, त्यांचा फोन काही आला नाही.

परतताना आक्कासाहेब पुढं बसल्या होत्या. मला वाटत होतं, बोलतील, एकदा बोलून टाकतील तर बरं. इंदूर जवळ आल्यावर मागं वळल्या आणि म्हणाल्या, "हात दुखतो का गं?"

"नाही."

"घरी गेल्यावर तेल लाव."

बस. त्या पुन्हा पुढं बघायला लागल्या. भिया गाडी चालवत होता, तो आरशात माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "बेन, तूने तो गन्ना काट दिया." चिडून नाही म्हणाला. मी त्याला उसाचं कधीतरी सांगितलं होतं. आक्कासाहेबांना कधीच नाही. त्यांना वाटायचं माझा हात हलका आहे म्हणून त्यांनी मला निवडलं, आणि त्यांचं ते वाटणं मोडायची मला हिंमत नव्हती. सांगितलं असतं तर त्यांनी पाहुण्यांना तेवढंच सांगितलं असतं, की ही बारकी दिसते, पण हिनं ऊस तोडलाय. पाहुण्यांनी कदाचित मानलं असतं.

साचा निघाला, बादल्यांचा चढला. तबकड्यांसाठी आणलेला प्लास्टिकचा दाणा उरला होता तो कशात तरी मिसळून संपवला. आक्कासाहेब कारखान्यावर पूर्वीसारख्याच येतात, सगळ्यांची विचारपूस करतात, पण रविवारी कुठं जायचं नसतं. तबकडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही. मुलाचा फोन आला की त्या आता दार लावून बोलतात.

एक नारिंगी तबकडी भियानं मशीनच्या मागं ठेवून दिली होती. उन्हाळ्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं ती काढली, धूळ पुसली आणि म्हणाला, "ले, फेंक. कोई नी देख रिया."

मी कारखान्याच्या पटांगणात उभी राहिले. नुकताच डबा खाल्ला होता, हाताला भाकरीचं पीठ नव्हतं पण वास होता. फेडायचं काही नव्हतं, बघायला कुणी नव्हतं. मी ती सोडली. ती भिंतीवरून गेली, शेजारच्या कंपनीच्या आवारावरून गेली, जाता जाता डावीकडं झुकली आणि त्यांच्या पत्र्यावर अलगद जाऊन बसली. पत्रा वाजलासुद्धा नाही.

भियानं टाचा उंचावून पत्र्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "अब फेंकी तूने."

मी वळून आक्कासाहेबांच्या केबिनकडं पाहिलं. खिडकी बंद होती. त्या दिवशी त्या धारला गेल्या होत्या, माहेरी कुणाचं तरी काही होतं.

शेजारच्यांकडं जाऊन ती मागावी असं रोज वाटतं. पत्र्यावर चढायला शिडी लागेल, त्यांचा चौकीदार विचारील ही काय वस्तू, कुणाची, कशाला. मग आक्कासाहेबांच्या कानावर जाईल. जावं असंही वाटतं आणि जाऊ नये असंही. पिण्याच्या नळापाशी उभं राहिलं की तिची कड दिसते. उन्हानं रंग उतरत चाललाय. आक्कासाहेब नळाशी आल्या तर त्यांनाही दिसेल, पण त्या पाणी घरूनच आणतात.