भाकरी हिसकावणारे सुभेदार

आमचे सुभेदार पन्नाशी उलटल्यावरही रोज तासभर वांड पोरगा व्हायचे. मिशांचा पीळ तसाच ठेवून टोपी तिरपी करायचे आणि दत्तूची भाकरी हिसकावून पळायचे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. साताऱ्याला आम्ही व्यायामशिक्षकांच्या वर्गात होतो आणि पलटणीतून पेन्शनीत निघालेले सुभेदार आमचे मास्तर. लेझीम, कवायत कुणीही शिकवील, पण पोरं पोराला छळतात तेव्हा काय करायचं, हे शिकवण्याची त्यांना भारी हौस. त्यासाठी रोज सोंग रचायचे: आमच्यातला एकजण मास्तर व्हायचा, कडेगावचा काटकुळा दत्तू गरीब पोर आणि दांडगा पोरगा स्वतः सुभेदार. भाकरी ते खरोखरच खायचे. वर म्हणायचे, "आईला सांग, चटणीत मीठ कमी हाय." दत्तू बिचारा दोन दोन भाकरी जास्त आणू लागला.

परीक्षेत मास्तर व्हायची पाळी माझी आली. पास झालो तर उंब्रजच्या शाळेत नोकरी, नाहीतर वडूजला परत मेंढरांमागं. मी पडलो तालमीतला गडी. सुभेदारांनी दत्तूला ढकललं, भाकरी घेतली आणि मला वेडावून दाखवलं. माझं डोकं सटकलं. धोबीपछाड घालून मी त्यांना मातीत लोळवलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

पडल्या पडल्या घास चावत ते म्हणाले, "डाव लय झ्याक. आता सांग गड्या, दत्तू कुठं हाय?"

दत्तू लिंबाखाली गुडघा धरून बसला होता. गुडघा खरंच फुटला होता आणि कुणाचं तिकडं लक्षच नव्हतं.

"नापास," सुभेदार म्हणाले.

आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. या खेपेला मी आधी दत्तूला उठवलं, माझी भाकरी त्याला दिली. मग सुभेदारांना म्हणालो, "तू हितंच थांब. याचं झालं की तुझ्याकडं येतो." त्यांना 'तू' म्हणताना मला घाम फुटला. ते मात्र गुमान उभे राहिले. हिसकावलेल्या भाकरीचा घास काही खाल्ला नाही.

पास झालो. निघताना पाया पडलो. विचारलं, "आवं सुभेदार, हे तुमाला कुणी शिकिवलं?"

"कुणी न्हाई. शाळंत एक पोरगं मला रोज मारायचं. मास्तरांनी एकदा त्येला फोक तुटंस्तवर हाणलं. मी बाजूलाच रडत हुतो. घंटा झाली, समदी घरला गेली." सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "दुसऱ्या दिशी मी शाळंत गेलोच न्हाई. ते बी कुणाच्या ध्यानात आलं न्हाई."