पेंढाऱ्यांची रांग

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं फ्रीज उघडा टाकून चीज पळवताना दिसलात की मी 'पेंढारी मेले' म्हणते, आणि तुमची आई तुम्हाला सांगते की आजी 'नॉटी' म्हणतेय. ते बरोबर नाही. खरा अर्थ लिहून ठेवते, कारण या संक्रांतीनंतर याच शब्दापायी आमच्या बिल्डिंगमध्ये माझी चांगली फजिती झाली.

पेंढारी म्हणजे जुन्या काळी मराठी फौजांच्या मागून जाणारे घोडेस्वार. त्यांना गणवेश नाही, पगार नाही. लढाई संपली की हाती लागेल ते लुटायचं, तोच पगार. पुढे पुढे लढाई नसली तरी लुटायला लागले. शब्द कुठून आला यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी म्हणतात, घोड्यांसाठी शेतातल्या पेंढ्या पळवायचे म्हणून. कोणी कसल्याशा मादक पेयाचं नाव सांगतात, तर कोणी एका गावाचं. मला पेंढ्यांची व्युत्पत्ती पटते. पटणं हा अर्थात पुरावा नव्हे.

आमच्या खालच्या मजल्यावर धुळ्याकडचं एक जोडपं राहतं. तो इथे गुजरातेत, पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या मिलमध्ये सुपरवायझर. तिला नुकतीच शाळेत नोकरी लागलेली. मुलगी सव्वा वर्षाची. गावाहून सासू आली ती नातीला घेऊन जायलाच. इथे सगळी दारं बंद, कोणी कोणाशी बोलत नाही, पोर मुकी होईल, असं तिचं म्हणणं. सून माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "काकू, बोरन्हाण करू या. चार माणसं जमलेली बघितली तर त्यांचं मन फिरेल."

बोरन्हाणात मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, गोळ्या ओततात आणि जमलेली मुलं ते लुटतात. लुटणं हाच कार्यक्रम. हे मला ठाऊक होतं. पण बिल्डिंगमधली नऊ मुलं आणि गुळगुळीत लादी म्हटल्यावर मला फुटलेले गुडघेच दिसू लागले. मी करवे बोटाएवढे सारखे कापले, प्रत्येकाला नंबर घातलेली पिशवी दिली आणि त्यांच्या दाराशी रांग लावली. बजावलं की पेंढाऱ्यांसारखं तुटून पडायचं नाही; नंबर आला की पुढे यायचं, एक मूठ घ्यायची, मागे जायचं.

मुलं अगदी शहाण्यासारखी वागली आणि तिथेच सगळं बिघडलं. एक नंबरने मूठ भरली, थँक्यू म्हटलं आणि गेला. मागून कोणीतरी गुजरातीत विचारलं, आता कोणाचा नंबर. पाटावरची मुलगी दवाखान्यात बसवल्यासारखी एकेकाकडे बघत होती. तिसऱ्या नंबरला तिने ओठ काढला.

सासूबाई सुनेला अहिराणीत म्हणाल्या, "हाई रेशननं दुकान शे का?" आणि पोरीचं स्वेटर कुठे ठेवलंय ते विचारू लागल्या, म्हणजे सकाळच्या गाडीची तयारी. सुनेने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. पेंढारी कोणाला म्हणालात, असं विचारलं. मला वाटलं, राग आला. म्हणून मी खुलासा करायला गेले आणि सगळं सांगितलं, गणवेश, पगार, पेंढ्या, विद्वान, सगळं. रांग तशीच उभी.

"म्हणजे पगार नव्हता त्यांना."

"नव्हता."

"मग या पोरांना तुम्ही काय देणार आहात, बाई?"

मी म्हटलं, पिशवी दिलीय.

"मग लुटू द्या की. बिनपगारी उभं कशाला केलंय?"

आणि त्यांनी बोरं-करव्यांनी भरलेलं अख्खं पातेलं उचलून नातीच्या डोक्यावर पालथं केलं.

रांग एका क्षणात नाहीशी झाली. दोघं टेबलाखाली, पाच आणि सात नंबर एकाच करव्याला झोंबलेले, माझा चष्मा कुणाच्या तरी पिशवीत. मुलगी आधी दचकली, मग खदखदून हसली, पाटावरून उतरली आणि रांगत जाऊन तिने चार नंबरच्या हाताला चावून त्याचं बोर काढून घेतलं. आरडाओरड ऐकून मजल्यामजल्यावरची दारं उघडली. चार नंबरची आई तक्रार घेऊन आली. सासूबाईंनी तिला बसवून घेतलं, चावा बघितला, नातीला किती दात आलेत ते मोजून दाखवलं. तासाभराने दोघी चहा पीत होत्या, एक अहिराणीत, दुसरी गुजरातीत, आणि कुणाला काही अडत नव्हतं. विषय नवऱ्यांचा होता.

संध्याकाळी सून भीतभीत स्वेटर घेऊन आली. सासूबाईंनी ते परत कपाटात ठेवायला सांगितलं.

"पोर राहू दे इथंच," त्या म्हणाल्या. "हिला नेली तर गावातल्या पोरांचं काही खरं नाही."