निरोपरावांची दोन सभागृहं

कचेरीत त्यांना सगळे निरोपराव म्हणत, आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडायचं. संसदेच्या खालच्या सभागृहात विधेयक मंजूर झालं की त्याची प्रत लाल कापडात गुंडाळून वरच्या सभागृहात पोचवायची, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं तेच. आता तुम्ही म्हणाल, हे फोनवरही झालं असतं! तसं बोलून बघा त्यांच्यासमोर. लगेच इतिहास सुरू. फार पूर्वी वरच्या सभागृहात नुसते जमीनदार बसायचे आणि खालच्यात निवडून आलेले. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकदा खालच्यांचा माणूस न विचारता आत घुसला, तर जमीनदारांनी त्याला उचलून बाहेर टाकला. तेव्हापासून नियम झाला: दारावर तीनदा टकटक, आत तीन पावलं, मग ठरलेलं वाक्य. शब्द इकडचा तिकडे झाला तर कागद घेत नाहीत.

घरीही तोच खाक्या. खाली स्वयंपाकघरात बायकोचं राज्य, वर माडीवर आईचं. दोघींचं वैर नव्हतं हो, पण आईचे गुडघे तिला जिना उतरू देत नसत आणि बायकोला वर जायला सवड नसे, असं ती म्हणायची. मग निरोप कोण पोचवणार?

त्या आठवड्यात लेकीला नोकरीचं पत्र आलं. दूरच्या बेटावरचं हवामान केंद्र, दोन वर्षं. होकार शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचा. पोरीचा जीव त्यात अडकलेला, पण आईला आणि आजीला दुखवून जायचं नाही, हेही तिनंच ठरवलेलं. बायकोनं खालून मंजुरी दिली. आईनं वरून दुरुस्ती सुचवली: आधी लग्न, मग बेट. बायकोनं ती फेटाळली. आईनं नवी पाठवली: एकच वर्ष. निरोपराव जिना चढून-उतरून घामाघूम. "सासूबाईंना म्हणावं, तुम्ही कधी गेला होतात बेटावर?" हेसुद्धा या गृहस्थांनी जसंच्या तसं वर पोचवलं. धन्य! त्यांना स्वतःला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी शाळांच्या वेळांचं विधेयक घेऊन ते वरच्या सभागृहाच्या दारात उभे राहिले. टक, टक, टक. तीन पावलं. जेवणं झालेली, अर्धे सदस्य पेंगत होते. निरोपरावांनी घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "स्वयंपाकघरानं मुलीला बेटावर पाठवायला मंजुरी दिली आहे. माडीच्या संमतीची प्रतीक्षा आहे."

सभागृह खडबडून जागं झालं. इतकं जागं ते अर्थसंकल्पालाही होत नाही. मागच्या बाकावरच्या सगळ्यात वयस्कर सदस्यबाई ओरडल्या, "संमत! जाऊ द्या पोरीला!" बाकं वाजली. सभापतींनी हसू दाबत सांगितलं की हा विषय आजच्या कामकाजात नाही, सबब कागद परत. निरोपरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाहेर जाऊन त्यांनी पुन्हा टकटक केली, नीट वाक्य म्हटलं, तेव्हा कुठे विधेयक आत गेलं.

साडेपाचला घरी पोचले, तर आई चक्क स्वयंपाकघरात! एकेका पायरीवर बसत बसत उतरली होती. कामकाज टीव्हीवर थेट दाखवतात, हे निरोपराव साफ विसरले होते.

"मेल्या, अख्ख्या देशासमोर विचारलंस मला!" आई म्हणाली. "आता नाही कशी म्हणू? जाऊ दे तिला. दोन वर्षं तर दोन वर्षं." बायको सासूच्या गुडघ्यांना मलम चोळत खुदुखुदु हसत होती.

लेक मात्र फोन हातात धरून उभी होती. "होकार लिहून ठेवलाय," ती म्हणाली. "पाठवला नाही अजून. आईचं कळलं, आजीचं कळलं. बाबा, तुमचं काय?"

निरोपरावांनी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे.

"तू जाऊ नयेस असं वाटतं मला," ते म्हणाले. "सकाळी उठल्यावर तू दिसली नाहीस तर मी काय करू गं?" त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "पण पाठव तो होकार. आटप, सहा वाजायला आले."

पोरगी फोन टाकून त्यांच्या गळ्यात पडली.

"अगं, आधी पाठव," ते म्हणत राहिले, आणि तिला काही सोडेनात.